कुशल कामगारांचे व्हिसा वाढवले तर अमेरिकेतल्या नोकऱ्या वाढतात की जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या वादात एक बाजू पेटंट आणि नव्या कंपन्या मोजते, दुसरी बाजू कामावरून कमी केलेली माणसं मोजते. दोघांचे आकडे बरेचदा खरेच असतात, फक्त ते एकाच गोष्टीचे नसतात. खालची उत्तरं मुख्यतः एच-१बीबद्दल, म्हणजे कुशल परदेशी माणसाला ठरावीक वर्षांसाठी अमेरिकेत नोकरीवर ठेवण्याच्या व्हिसाबद्दल आहेत, कारण बहुतेक भांडणं आणि जवळपास सगळा अभ्यास त्याच्याभोवतीच झाला आहे.

एच-१बीचा कोटा किती आहे आणि तो कधी कधी बदलला?

१९९० च्या कायद्याने हा व्हिसा आजच्या रूपात आला आणि वर्षाला ६५,००० ची मर्यादा ठरली. डॉट-कॉमच्या तेजीत १९९८ च्या कायद्याने ती १,१५,००० वर नेली. २००० च्या कायद्याने २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांसाठी १,९५,००० केली. मग मुदत संपली आणि कोटा पुन्हा ६५,००० वर आला. २००४ मध्ये अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यापुढची पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागा वाढल्या. एकूण ८५,००० हा आकडा तेव्हापासून हललेला नाही. ६५,००० पैकी ६,८०० जागा चिली आणि सिंगापूरसाठी बाजूला काढलेल्या असतात. त्यातल्या न वापरलेल्या परत सामान्य कोट्यात येतात.

म्हणजे वर्षाला ८५ हजारच लोक येतात?

नाही. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था, ना-नफा आणि सरकारी संशोधन संस्था कोट्याबाहेर आहेत. शिवाय व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा, आणि ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेला असेल तर त्याही पुढे वाढत राहतो. त्यामुळे २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेली पिटिशन (कंपनीने कर्मचाऱ्यासाठी केलेले अर्ज) जवळपास ४ लाख होती, पण त्यातली पहिल्यांदा एच-१बीवर येणाऱ्यांची सुमारे १ लाख ४१ हजार. बाकी सगळी मुदतवाढ, कंपनी बदल वगैरे. "एका वर्षात चार लाख परदेशी आणले" असं कुणी म्हणत असेल तर त्याने हे दोन ढीग एकत्र केलेत.

एकूण साठा किती? यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं स्थलांतर अर्ज हाताळणारं खातं, याच्या अंदाजाप्रमाणे ३० सप्टेंबर २०१९ रोजी ५,८३,४२० लोकांकडे वैध एच-१बी होता. अमेरिकेत काम करणारे साधारण १६ कोटी. म्हणजे अर्धा टक्काही नाही. पण हा अर्धा टक्का सगळीकडे सारखा पसरलेला नाही. मंजुऱ्यांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास संगणकाशी संबंधित कामांसाठी असतात आणि सत्तर टक्क्यांच्या वर भारतात जन्मलेल्यांना मिळतात. सुतारकाम करणाऱ्याला या व्हिसाचा पत्ताही लागत नाही, डेटाबेस सांभाळणाऱ्याला मात्र रोज लागतो.

थेट सांगा, फायदा की तोटा?

देशाच्या एकूण रोजगाराकडे पाहिलं तर फायदा, पण फार मोठा नाही. त्याच कौशल्याच्या, त्याच पायरीवरच्या, त्याच वर्षी नोकरी शोधणाऱ्या माणसाकडे पाहिलं तर झळ खरी आहे. ही दोन उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत. कोटा ८५ हजार असावा की दीड लाख, यावर जेवढं भांडण होतं त्याच्या दशांशानेही पगाराच्या पायऱ्यांवर (त्या काय, ते पुढे येतं) होत नाही. आमच्या मते नोकरी वाचते की जाते हे मुख्यतः तिथे ठरतं.

"एक परदेशी आला म्हणजे एक अमेरिकी नोकरी गेली", हे गणित कुठे चुकतं?

देशात नोकऱ्यांची संख्या ठरलेली आहे आणि त्या वाटून घ्यायच्या आहेत, असं हे गणित धरून चालतं. प्रत्यक्षात आलेला माणूस भाडं भरतो, गाडी घेतो, आणि त्याच्या कामामुळे एखादं उत्पादन सहा महिने आधी बाजारात येतं. त्यावर विक्री, सपोर्ट, हिशेब यांची माणसं लागतात.

पण एका परिस्थितीत हे गणित जवळपास बरोबर ठरतं. काम ठरलेलं आहे, बजेट ठरलेलं आहे, आणि तेच काम कमी पैशांत करून घ्यायचंय. एखाद्या वीज कंपनीची बिलिंग यंत्रणा चालवायला जेवढी माणसं लागतात तेवढीच लागतात. परदेशी माणूस आला म्हणून बिलं वाढत नाहीत. नवं काम उभं करणारी भरती आणि जुनं काम स्वस्तात देणारी भरती या दोन्ही गोष्टी एकाच व्हिसावर होतात. वादाचं मूळ हेच.

मग अर्थशास्त्रज्ञांचेही निष्कर्ष उलटसुलट का?

कारण कुणी शहर मोजतं, कुणी कंपनी, कुणी एकच व्यवसाय.

शहर मोजणाऱ्यांत पेरी, शिह आणि स्पार्बर यांचा २०१५ चा अभ्यास सर्वाधिक सांगितला जातो. १९९० ते २०१० या काळात २१९ शहरांत त्यांनी पाहिलं की एकूण रोजगारात परदेशी विज्ञान-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांचा वाटा एका टक्का-बिंदूने वाढला, तर तिथल्या पदवीधर अमेरिकी लोकांचे पगार ७ ते ८ टक्के-बिंदूंनी आणि पदवी नसलेल्यांचे ३ ते ४ टक्के-बिंदूंनी वाढले. त्यांच्या रोजगारात मात्र ठळक बदल दिसला नाही. हा आकडा वाचताना एक लक्षात घ्या: एकूण रोजगाराचा एक टक्का ही प्रचंड वाढ आहे, कोट्यात पाच-दहा हजारांची भर टाकून ती होत नाही.

कंपनी मोजणाऱ्यांत डोरान, गेल्बर आणि आयसेन आहेत. अर्ज कोट्यापेक्षा जास्त आले की व्हिसा कुणाला हे लॉटरीने ठरतं. त्यांनी २००६ आणि २००७ या आर्थिक वर्षांच्या लॉटऱ्या पाहिल्या. लॉटरी लागलेली आणि न लागलेली कंपनी यांची तुलना केली, म्हणजे नशिबाशिवाय दोघींत फरक नाही. निष्कर्ष असा की जास्तीचा व्हिसा मिळाला म्हणून कंपनीची एकूण माणसं फारशी वाढली नाहीत, पेटंटही वाढली नाहीत. म्हणजे आलेल्याने कुणाची तरी जागा घेतली. पद्धत पक्की आहे, पण दोन मर्यादा आहेत. त्या दोन वर्षी लॉटरी फक्त कोटा भरला त्या दिवशी पोहोचलेल्या अर्जांपुरती होती, त्यामुळे नमुना लहान आणि उशिरा अर्ज करणाऱ्यांचा. दुसरं, एका कंपनीतली माणूस-बदली दिसते, पण शेजारच्या कंपनीत त्यामुळे निघालेलं काम दिसत नाही.

महाजन, मोरालेस, शिह, चेन आणि ब्रिनाटी यांनी पुढे २००८ च्या आर्थिक वर्षासाठी २००७ मध्ये झालेली मोठी लॉटरी जनगणना खात्याच्या नोंदींशी जोडून तपासली. व्हिसा लागलेल्या कंपन्या वाढल्या, जास्त टिकल्या, आणि अमेरिकेत जन्मलेल्या पदवीधरांना एकूणात बाहेर ढकललं गेल्याचं दिसलं नाही. परिणाम लहान, कौशल्यावर चालणाऱ्या कंपन्यांत जास्त होता. याच लेखकांनी सांगून ठेवलंय की "एकूणात" या शब्दाखाली काही गटांचं वेगळं चित्र दडलेलं आहे. ते वाक्य बातम्यांत सहसा येत नाही.

व्यवसाय मोजणाऱ्यांत बाउंड, खन्ना आणि मोरालेस. १९९४ ते २००१ च्या तेजीत परदेशी संगणकतज्ज्ञ आलेच नसते तर काय झालं असतं, याचं त्यांनी प्रारूप मांडलं. २००१ मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते आणि या क्षेत्रातला त्यांचा रोजगार ६.१ ते १०.८ टक्के जास्त. त्याच वेळी तंत्रज्ञानाच्या वस्तू महाग झाल्या असत्या आणि उत्पादन घटलं असतं. फायदा ग्राहकाला आणि कंपनीला, तोटा प्रोग्रामरला. अमेरिकी प्रोग्रामर सगळे बेकार झाले असं नव्हे, बरेच जण दुसऱ्या कामांकडे वळले. आम्हाला विचाराल तर या वादावरचं सगळ्यात प्रामाणिक चित्र हेच आहे.

तज्ज्ञ आले की स्थानिक तज्ज्ञ मागे पडतात की पुढे जातात?

इतिहासात दोन्ही घडलंय. नाझी जर्मनीतून पळालेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आले. मोझर, वोएना आणि वाल्डिंगर यांनी दाखवलं की ज्या शाखांत ते आले त्या शाखांत अमेरिकी संशोधकांची पेटंट ३१ टक्क्यांनी वाढली. उलट सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ नंतर तिथले गणितज्ञ आले. बोर्हास आणि डोरान यांना आढळलं की ज्यांचे विषय सोव्हिएत गणिताशी मिळतेजुळते होते त्या अमेरिकी गणितज्ञांचं संशोधन घटलं आणि अनेकांना खालच्या दर्जाच्या विद्यापीठांत जावं लागलं.

फरक माणसांत नव्हता. रसायनात प्रयोगशाळा, उद्योग, नवे प्रकल्प वाढत होते. गणितात प्राध्यापकांच्या खुर्च्या आणि नियतकालिकांची पानं ठरलेली होती. खुर्च्या वाढत असतील तर पाहुणा जड होत नाही.

एच-१बीवाल्याला बाजारभावाएवढाच पगार द्यावा लागतो ना? मग पगार पडतील कसे?

कायदा "प्रचलित वेतन" मागतो. कंपनी आपल्या तशाच कर्मचाऱ्यांना देते तो पगार आणि प्रचलित वेतन, यांपैकी जे जास्त ते द्यायचं. पण प्रचलित वेतन म्हणजे मधला पगार नव्हे. प्रत्येक व्यवसाय आणि प्रत्येक भागासाठी श्रम विभाग चार पायऱ्या काढतो आणि दरवर्षी १ जुलैला बदलतो.

पायऱ्या कशा निघतात ते पाहा. त्या भागातले त्या व्यवसायाचे पगार चढत्या क्रमाने लावले की खालच्या एक तृतीयांशाची सरासरी ही पायरी १. वरच्या दोन तृतीयांशांची सरासरी ही पायरी ४. मधलं अंतर तीन समान भागांत तोडायचं. समजा पायरी १ ला ८०,००० डॉलर आणि पायरी ४ ला १,४०,००० डॉलर आले. अंतर ६०,०००, तिसरा हिस्सा २०,०००. पायरी २ झाली १,००,००० आणि पायरी ३ झाली १,२०,०००. पगारांच्या रांगेत हे साधारण १७ वा, ३४ वा, ५० वा आणि ६७ वा शतमक (शंभरांच्या रांगेत खालून कितवा) पडतात. म्हणजे पहिल्या दोन्ही पायऱ्या त्या भागातल्या मधल्या पगाराच्या खाली. २०१९ च्या आर्थिक वर्षात श्रम विभागाने प्रमाणित केलेल्या जागांपैकी ६० टक्के याच दोन पायऱ्यांवर होत्या, असं कोस्टा आणि हिरा या अभ्यासकांनी मांडलं होतं.

पायरी ठरते अनुभव, शिक्षण, विशेष कौशल्यं आणि हाताखाली माणसं आहेत का यांच्या गुणांवरून, आणि हे गुण घालतो मालक. इथे दोन पळवाटा कायम दिसतात. एक, कामाच्या वर्णनात "देखरेखीखाली" लिहायचं आणि पाच वर्षं अनुभवाच्या माणसाला पायरी १ किंवा २ वर बसवायचं. दुसरी, व्यवसायाचा कोडच बदलायचा. काम सॉफ्टवेअर डेव्हलपरचं, अर्ज सिस्टिम्स अ‍ॅनालिस्टच्या कोडखाली, जिथे त्या भागात आकडा कमी असेल. २०२० मध्ये शतमकं एकदम ४५, ६२, ७८, ९५ वर नेण्याचा नियम आला; पूर्वसूचना आणि हरकतींची पायरी गाळल्याने तो कोर्टात पडला. जानेवारी २०२१ चा सौम्य केलेला नियमही पुढे रद्द झाला.

कंपनीला आधी अमेरिकी उमेदवार शोधावा लागत नाही?

सर्वसाधारण एच-१बीसाठी नाही. हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशनमध्ये, म्हणजे एलसीएमध्ये, मालक चार गोष्टींची हमी देतो: पगार, कामाची परिस्थिती, तिथे संप किंवा टाळेबंदी नसणं, आणि कर्मचाऱ्यांना सूचना लावणं. श्रम विभाग सात कामकाजी दिवसांत अर्ज पूर्ण भरलाय का आणि उघड चूक नाही ना एवढंच बघतो.

शोध घेण्याची आणि कुणाला न काढण्याची अट मुख्यतः "एच-१बीवर अवलंबून" असलेल्या मालकाला आहे. ५१ किंवा जास्त कर्मचारी असतील आणि त्यातले १५ टक्के एच-१बीवर असतील तर तो अवलंबून. लहान कंपन्यांसाठी वेगळे आकडे: २५ पर्यंत कर्मचारी असतील तर ७ पेक्षा जास्त, २६ ते ५० असतील तर १२ पेक्षा जास्त. आणि यालाही भोक आहे. कर्मचारी मास्टर्स असेल किंवा त्याला वर्षाला किमान ६०,००० डॉलर मिळत असतील तर त्या अटी लागू नाहीत. हा ६०,००० चा आकडा १९९८ चा आहे. महागाईशी तो जोडलेला नाही, म्हणून आज तो अडथळाच राहिलेला नाही.

जुन्या कर्मचाऱ्यांनीच बदली माणसांना शिकवायचं, हे कायद्यात बसतं कसं?

ऑर्लँडोतल्या डिस्नेच्या प्रकरणामुळे हे सगळ्यांना माहीत झालं. २०१४ च्या अखेरीस सुमारे २५० तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांना नोटीस मिळाली, आणि जाण्याआधी त्यांतल्या काहींनी आउटसोर्सिंग कंपन्यांच्या, एच-१बीवर असलेल्या लोकांना काम शिकवलं. त्यावरचे खटले २०१६ मध्ये फेटाळले गेले.

गोम त्रिकोणात आहे. काढणारा क्लायंट, व्हिसा घेणारी कन्सल्टन्सी. हमी देते कन्सल्टन्सी आणि तिने स्वतःच्या कुणालाच काढलेलं नसतं. अवलंबून मालकाला क्लायंटकडे माणूस बसवण्याआधीच्या आणि नंतरच्या ९० दिवसांत तिथे कुणी काढलंय का याची विचारणा करावी लागते, पण वरची ६०,००० ची सूट इथेही चालते. कोटा निम्मा केला तरी हा त्रिकोण तसाच राहील.

ग्रीन कार्डच्या वेळी तरी जाहिरात द्यावी लागते ना?

लागते. राज्याच्या रोजगार कार्यालयात ३० दिवसांची नोंद, दोन वेगवेगळ्या रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, व्यावसायिक पद असेल तर आणखी तीन प्रकारची प्रसिद्धी, आणि कामाच्या जागी १० कामकाजी दिवस सूचना. पण माणूस आधीच त्या खुर्चीत बसलेला असतो, त्यामुळे कंपनीला अर्ज नकोच असतात. न्याय विभागाने फेसबुक आणि अ‍ॅपल या दोघांवर याच मुद्द्यावर कारवाई केली: या पदांचे अर्ज टपालाने मागवायचे, तर एरवीची भरती ऑनलाइन. फेसबुकची तडजोड २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंत, अ‍ॅपलची २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरपर्यंत.

व्हिसा बंद केले तर त्या जागा अमेरिकी लोकांना मिळतील?

काही मिळतील. बऱ्याच देशाबाहेर जातील. अभ्यासक ब्रिटा ग्लेनन यांनी बहुराष्ट्रीय कंपन्या तपासल्या तेव्हा नाकारलेल्या दर व्हिसामागे परदेशी शाखेत सरासरी ०.४ नोकऱ्या वाढल्याचं दिसलं. जगभर पसरलेल्या कंपन्यांत हा आकडा ०.९ पर्यंत गेला. कुठे वाढल्या? भारत, चीन आणि कॅनडा. कॅनडाला हे नीट माहीत आहे. जुलै २०२३ मध्ये त्याने अमेरिकेतल्या एच-१बीधारकांसाठी १०,००० वर्क परमिट खुले केले आणि दोन दिवसांच्या आत ते संपले.

ज्या कंपनीची बाहेर शाखाच नाही, तिला मात्र इथेच माणूस शोधावा लागतो किंवा काम सोडून द्यावं लागतं. हॉस्पिटल हे त्याचं ठळक उदाहरण. अमेरिकेत रेसिडेन्सी केलेल्या बऱ्याच परदेशी डॉक्टरांना मायदेशी दोन वर्षं परतण्याची अट असते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं कबूल केलं तर प्रत्येक राज्य वर्षाला ३० जणांची ती अट उठवू शकतं आणि ते एच-१बीवर काम करतात. तिथे तो डॉक्टर नसेल तर दुसरा डॉक्टर येत नाही, ओपीडी बंद होते आणि तिच्यासोबत नर्स आणि लॅब टेक्निशियनच्या नोकऱ्याही.

नव्या संगणक पदवीधरांना नोकऱ्या मिळत नाहीत, हे व्हिसामुळे?

अंशतः. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिलेल्या तक्त्यात संगणकशास्त्राच्या ताज्या पदवीधरांत ६.१ टक्के आणि संगणक अभियांत्रिकीत ७.५ टक्के बेरोजगारी होती. पण एच-१बीचा कोटा २००४ पासून तोच आहे, आणि न हललेली गोष्ट अचानक झालेल्या बदलाचं मुख्य कारण होऊ शकत नाही. महासाथीत केलेली बेसुमार भरती, २०२२ पासून चढलेले व्याजदर ही कारणं जास्त वजनदार. त्यात एक करातली बाबही आहे, जिच्याकडे फार थोडे बघतात: २०२२ पासून सॉफ्टवेअर विकासाचा पगारखर्च त्याच वर्षी न वजावता पाच वर्षांत पसरवावा लागत होता. देशांतर्गत खर्चासाठी ही अट जुलै २०२५ च्या कायद्याने उठली.

पहिल्या नोकरीवर व्हिसापेक्षा थेट परिणाम ओपीटीचा होतो. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिने काम करता येतं. त्याला संख्येची मर्यादा नाही, प्रचलित वेतनाची पायरीही नाही. शिवाय पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत अशा विद्यार्थ्याच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर सहसा लागत नाही. मालकाचे ७.६५ टक्के वाचतात. ८०,००० डॉलरच्या पगारावर ते ६,१२० डॉलर होतात. दोन सारख्या उमेदवारांत सरकारनेच एकाला सवलत दिल्यासारखं हे आहे आणि त्याचं समर्थन करणं आम्हाला तरी जड जातं.

लॉटरीत गैरप्रकार होत होते, ते थांबले का?

एक मोठा थांबला. एकाच माणसासाठी चार-पाच कंपन्या नोंदणी करायच्या आणि त्याच्या चिठ्ठ्या वाढायच्या. २०२४ च्या आर्थिक वर्षात पात्र नोंदण्या ७,५८,९९४ होत्या आणि त्यातल्या ४,०८,८९१ अशा लोकांच्या होत्या ज्यांची एकापेक्षा जास्त वेळा नोंदणी झाली होती. पुढच्या वर्षीपासून चिठ्ठी माणसाच्या नावाने निघू लागली. अशा नोंदण्या ४७,३१४ वर आल्या. त्यानंतर नोंदणी शुल्क १० डॉलरवरून २१५ डॉलर झालं आणि २०२६ साठी पात्र नोंदण्या ३,४३,९८१ वर उतरल्या.

पगाराच्या पायरीप्रमाणे लॉटरी आणि एक लाख डॉलरची रक्कम, यांनी स्थानिकांचा फायदा होईल?

पायरीप्रमाणे लॉटरीचा नियम डिसेंबर २०२५ मध्ये अंतिम झाला. पायरी ४ ला चार चिठ्ठ्या, पायरी १ ला एक. गृहसुरक्षा विभागाच्याच अंदाजाप्रमाणे पायरी १ ची शक्यता सुमारे १५ टक्के आणि पायरी ४ ची ६१ टक्के होते. दिशा योग्य आहे, पण पायरी म्हणजे पगार नव्हे. पायरी त्या भागाच्या आणि त्या व्यवसायाच्या तुलनेत असते, त्यामुळे सॅन होजेतल्या पायरी २ च्या डेव्हलपरला छोट्या गावातल्या पायरी ४ पेक्षा जास्त पैसे असू शकतात आणि तरी चिठ्ठ्या निम्म्या.

नव्या एच-१बी पिटिशनमागे कंपनीने एक लाख डॉलर भरायचे, ही राष्ट्राध्यक्षांची घोषणा १९ सप्टेंबर २०२५ ची, २१ सप्टेंबरपासून लागू, मुदत १२ महिने आणि वाढवता येणारी. ती देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या पिटिशनना लागते. कोट्याबाहेरची विद्यापीठं आणि हॉस्पिटलंही तीतून सुटत नाहीत. तीन वर्षांवर पसरवली तर वर्षाला सुमारे ३३,३३३ डॉलर. ८०,००० च्या जागेवर हा ४२ टक्के बोजा, अडीच लाखांच्या जागेवर १३ टक्के. स्वस्तातली बदली भरती यात मरते हे खरं. पण अमेरिकेतच असलेल्या विद्यार्थ्याचा दर्जा बदलताना ही रक्कम लागत नाही, म्हणून ओढा ओपीटीकडे वळणार. आणि ग्रामीण हॉस्पिटलने एवढे पैसे आणायचे कुठून?

ग्रीन कार्डच्या रांगेचा स्थानिकांच्या नोकऱ्यांशी काय संबंध?

बराच. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्के. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची. कंपनी बदलता येते, पण पीईआरएम, म्हणजे ग्रीन कार्डासाठीची वर सांगितलेली जाहिरातीची प्रक्रिया, सहसा नव्याने करावी लागते. नोकरी गेली तर सहसा ६० दिवसांत नवा मालक शोधायचा. असा माणूस पगारवाढ मागायला कचरतो आणि जादा तास मुकाट्याने करतो. त्याच टीममधल्या अमेरिकी सहकाऱ्याचीही घासाघीस करण्याची ताकद त्यामुळे कमी होते. परदेशी माणसाला मोकळेपणाने नोकरी बदलू देणं हे स्थानिकाच्या पगाराचं सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे, असं आमचं मत.

एखादी कंपनी स्वस्तात भरती करतेय का, हे स्वतः कसं तपासायचं?

श्रम विभाग दर तिमाहीला एलसीएची एक्सेल फाइल प्रसिद्ध करतो. ती उतरवून घ्या आणि या क्रमाने चाळा:

१. स्थितीच्या रकान्यात फक्त "सर्टिफाइड" ठेवा. प्रमाणित होऊन मागे घेतलेले अर्ज काढा.
२. व्हिसाच्या प्रकारात एच-१बी निवडा. त्याच फाइलमध्ये ऑस्ट्रेलियाचे ई-३ आणि चिली-सिंगापूरचे अर्जही असतात.
३. नवी नोकरी, चालू नोकरी, मालक बदल यांचे आकडे वेगळ्या रकान्यांत असतात. नव्या नोकऱ्याच मोजा.
४. पगाराचं एकक बघा. तासाचा दर असेल तर २,०८० ने गुणा. हे विसरल्याने "६५ डॉलर पगार" अशा मथळ्यांची पोस्ट फिरतात.
५. दिलेला पगार आणि प्रचलित वेतन यांतला फरक काढा, मग पायरी बघा. पायरी १-२ आणि फरक शून्य, असं ओळीने दिसलं तर चित्र स्पष्ट आहे.
६. दुसऱ्या कंपनीत बसवणार का, या रकान्यात "हो" असेल तर क्लायंटचं नाव तिथेच मिळतं.
७. एच-१बीवर अवलंबून मालक आहे का, हा रकाना शेवटी जोडा.

सावधगिरी दोन. एका एलसीएत एकापेक्षा जास्त जागा असू शकतात, आणि माणूस दुसऱ्या महानगर भागात हलवला तरी नवी एलसीए लागते. त्यामुळे एलसीएची संख्या म्हणजे माणसांची संख्या नाही. माणसं मोजायची तर यूएससीआयएसच्या एम्प्लॉयर डेटा हबमधल्या पहिल्यांदा मिळालेल्या मंजुऱ्या घ्या. एल-१, म्हणजे कंपनीच्या परदेशी शाखेतून बदलीवर येणाऱ्यांचा व्हिसा, मात्र यात कुठेच सापडणार नाही. त्याला कोटा नाही आणि प्रचलित वेतनही नाही.

याशिवाय प्रत्येक एलसीएची पब्लिक अ‍ॅक्सेस फाइल मालकाला अर्जानंतर एका कामकाजी दिवसात तयार ठेवावी लागते आणि कोणीही मागितली तर दाखवावी लागते. त्यात पगाराचा दर, तो कसा ठरवला आणि प्रचलित वेतनाचा आधार असतो. फार थोडे लोक ती मागतात.

गैरप्रकार दिसला तर तक्रार कुठे?

पगार कमी दिला, प्रकल्प नाही म्हणून बेंचवर बसवून बिनपगारी ठेवलं, किंवा एलसीएतली हमी मोडली: श्रम विभागाच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे डब्ल्यूएच-४ हा फॉर्म, घटनेपासून १२ महिन्यांच्या आत. एच-१बीवरच्या माणसाला आणि स्थानिक कर्मचाऱ्याला, दोघांनाही हा मार्ग खुला आहे. अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असूनही व्हिसावाल्याला प्राधान्य देऊन डावललं गेलं: न्याय विभागाच्या इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शनकडे, १८० दिवसांत. जाहिरातीत "फक्त एच-१बी" किंवा "ओपीटी चालेल, नागरिक नको" असं लिहिलेलं असेल तर तारखेसकट स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, कारण अशा जाहिराती बोंब झाली की तासाभरात गायब होतात.